उडती राख

दगडी कोळशाची भुकटी भट्टीत जळताना धूरवायूंबरोबर वाहून जाणाऱ्या सूक्ष्म खनिज कणांना उडती राख किंवा फ्लाय ॲश म्हणतात. तिचे बहुतेक कण १ ते १०० मायक्रॉन व्यासाचे असतात (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सिलिका, ॲल्युमिना व लोहाची ऑक्साइडे हे तिचे मुख्य घटक होत.

निर्मिती : बारीक चूर्ण दोन प्रकारे मिळते. एक, मोठे तुकडे दळून. दुसरे, वितळलेल्या किंवा वायुरूप पदार्थापासून कण घडवून. दळण्यास दिलेल्या ऊर्जेचा अगदी अल्प अंश नवे पृष्ठभाग निर्माण होण्यास उपयोगी पडतो. बाकीची उष्णतारूपाने वाया जाते. चूर्ण जितके बारीक हवे, तितका हा खर्च वाढतो. उडती राख दुसऱ्या प्रकारात मोडते. ज्वालेत कोळशातील मातीसारखी खनिजे वितळतात, पृष्ठताणामुळे त्यांचे गोल थेंब होतात व ते झपाट्याने थंड होऊन काचमय कण बनतात. कोळसा मात्र आधी दळावा लागतो. परंतु तो खर्च वीजनिर्मितीसाठी करावाच लागतो.

चंद्रपूरजवळील ऊर्जानगर येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॉटचे पहिले दोन संच बंद झाल्यानंतर केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४५ टक्के असते. एकूण राखेचा सुमारे चार-पंचमांश भाग उडती राख असून ती स्थिरविद्युत् अवक्षेपकांत पकडली जाते. उरलेली जाड राख भट्टीच्या तळाशी साचते.

उपयोग : ही राख पोझोलाना वर्गातील आहे. सिमेंटमध्ये पाणी घातल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी तिचा संयोग होऊन बंधक संयुगे तयार होतात. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५०° से. तापमानास भाजून क्लिंकर करतात व मग तो दळतात. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के उडती राख घालण्यास भारतीय मानकाची मान्यता आहे. तेवढ्या प्रमाणात क्लिंकर भाजण्याचे इंधन, दळण्याची बरीचशी वीज व चुनखडी वाचते आणि कार्बन डाय-ऑक्साइडही कमी बाहेर पडतो. घुग्गुस, गडचांदूर, आवारपूर येथील सिमेंट कारखाने याच जिल्ह्यात असल्याने वाहतुकीचे अंतरही कमी पडते. विटा व रस्त्यांचे भराव यांतही ही राख वापरतात.

मर्यादा : हे सर्व लाभ राख कोरडी गोळा केली तरच पुरतेपणी मिळतात. पाण्यात कालवून तळ्यात सोडल्यास तिच्यात जाड राख मिसळते, गुठळ्या होतात आणि ती पुन्हा वापरण्यासाठी सुकवावी, प्रसंगी दळावीही लागते. तळे सुकले की धूळ उडते आणि झिरपणाऱ्या पाण्याबरोबर आर्सेनिकासारखी विषारी द्रव्ये भूजलात उतरू शकतात. राखेचा वापर बंधनकारक करणारी केंद्र शासनाची अधिसूचना १९९९ मध्ये निघाली. २०२१ मध्ये तिच्या जागी नवी अधिसूचना आली. कोळशाच्या ज्वलनाने होणारे वायुप्रदूषण मात्र राखेच्या वापराने टळत नाही.