सामाईक ग्रंथाची नाममुद्रा

ज्या संगणकप्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, तिला मुक्त स्रोत प्रणाली म्हणतात. अशा प्रणाली घडवणाऱ्या समुदायांविषयी २०१२ साली ‘ओपन ॲडव्हाइस’ हे पुस्तक निघाले. लिडिया पिंत्शर यांनी संपादित केलेल्या या पुस्तकात ४२ जणांनी, ‘सुरुवातीला आम्हाला हे कोणी सांगितले असते तर’ अशा गोष्टी लिहिल्या आहेत. प्रत्येक लेख ज्याच्या-त्याच्या नावाने आहे. पुस्तक सर्वांचे असूनही लेखकांची नावे का जपायची, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मी गंगाखेडचा, म्हणजे संत जनाबाईंच्या गावचा. त्यामुळे तो मला परका वाटत नाही.

जनाबाईंचे सुमारे साडेतीनशे अभंग आपल्याला नामदेवांच्या गाथेतून मिळाले. एका घराच्या, एका मेळ्याच्या त्या सामाईक ग्रंथात दळण-कांडण करणाऱ्या स्त्रीची रचना वेगळी ओळखता येते, ती शेवटच्या चरणातल्या ‘नामयाची दासी’ किंवा ‘जनी म्हणे’ या मुद्रेमुळे.

पण मुद्रेला मर्यादा आहे. ती कोणालाही लावता येते. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा यांच्या रचना नामदेवांच्या गाथेत अशा मिसळल्या, की त्या वेगळ्या काढताना अभ्यासकांची दमछाक झाली. मुद्रा रचनाकाराचे नाव सांगते. रचना केव्हा आणि कोणाच्या हातून गाथेत आली, हे सांगत नाही.

आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठणला, एकनाथांनी पुढचे पाऊल टाकले. नकला होता होता ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी शुद्ध प्रत सिद्ध केली आणि हे काम कोणी, केव्हा व कशासाठी केले याची नोंद अखेरच्या ओव्यांत ठेवली. पुढे कोणी आपली ओवी घुसडू नये, असेही बजावले. मात्र नेमक्या कोणत्या ओव्या बदलल्या, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

ही उणीव संगणकाने भरून काढली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ‘गिट’ ही व्यवस्था प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण साठवते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियातही प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ जोडलेला असतो. त्यात प्रत्येक जुनी आवृत्ती जशीच्या तशी राहते. म्हणूनच तिथे एकनाथांसारखी मनाई करावी लागत नाही. कोणी चुकीचे लिहिले तर ते उलटवता येते आणि वाद झाला तर शेजारच्या चर्चापानावर कारणे मांडता येतात. दार उघडे ठेवणे परवडते, ते या नोंदवहीमुळे.

विकिपीडियाची एक अट मात्र आपल्या भागाला जड जाते. प्रसिद्ध झालेल्या आधाराशिवाय तिथे माहिती टिकत नाही. आमच्या आज्यांच्या ओठांवरच्या ओव्या छापल्याच गेल्या नाहीत, तर त्या तिथे जाणार कशा?

यावरचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि ओवीबरोबर गाणारीचे व गावाचे नावही नोंदवले गेले. ओवी परंपरेची, म्हणजे सर्वांची. तरी ती कोणाच्या तोंडून मिळाली हे कळते. जनाबाईंना मुद्रेने जे दिले, ते इथे नोंदीने दिले.

सामाईक ग्रंथात नाव मिरवण्यासाठी नसते. विचारायचे कोणाला आणि दुरुस्त काय करायचे, हे पुढच्याला कळावे म्हणून ते असते. या दिवाळीत घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडून ओवी, म्हण किंवा शेताचे जुने नाव लिहून घ्याल, तेव्हा त्यांची परवानगी घ्या आणि खाली त्यांचे नाव, गाव, तारीख लिहा. त्याखाली लिहून घेणाऱ्याचे, म्हणजे तुमचे, नावही असू द्या.