पेढीवरची उमेदवारी

नागपुराहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या कांठीं, मौदा हें तालुक्याचें गांव वसलेलें आहे. सभोंवार धानाचीं शेतें आहेत आणि गांवाजवळच २,३२० मेगावॅट क्षमतेचें औष्णिक वीजकेंद्र उभें आहे. अशा गांवांतील वाणिज्य शाखेचा पदवीधर घरीं येऊन सांगतो कीं, बँकेच्या क्षेत्रांत शिरावयाचें आहे. वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "पगार किती?" आधीं वर्षभर उमेदवारी, विद्यावेतन बेताचें आणि पुढील नोकरीची हमी नाहीं, हें उत्तर ऐकून घरांत कांहीं वेळ कोणीच बोलत नाहीं. ही चिंता वाजवी आहे. वर्ष वायां गेलें तर संसाराचा एक कमावता हात वर्षभर मागें पडतो. मुलीच्या बाबतींत तर तेंच वर्ष अनेक घरांत अधिकच काटेकोरपणें मोजलें जातें. म्हणून ही उमेदवारी काय वस्तु आहे आणि ती केव्हां पत्करावी, याचा विचार शांतपणें केला पाहिजे.

शब्द मराठीला नवा नाहीं. उमेद म्हणजे आशा, आणि आशेवर काम करणारा तो उमेदवार. निवडणुकीनें हा शब्द आपलासा करण्यापूर्वीं, कचेरींत बिनपगारी काम करून जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्यास हेंच नांव होतें. सावकारी पेढ्यांतहि हीच रीत होती. मौद्याच्या वरच्या अंगास, त्याच कन्हानच्या कांठीं, कामठी आहे. इंग्रजांनीं १८२१ सालीं तेथें छावणी वसविली आणि तिच्या आश्रयानें व्यापार वाढला. नागपूर-कामठीची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी त्या काळीं नामांकित होती. नागपुरांतील कस्तुरचंद पार्क हें मैदान ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, ते सर कस्तुरचंद डागा याच पेढीचे धनी.

जुन्या पेढीवर आलेला मुलगा पहिल्या दिवशीं हुंडी लिहीत नसे. आधीं रोजकीर्द उतरून काढावी, मग खतावणी करावी, संध्याकाळीं शिल्लक मोजतांना मुनिमाच्या शेजारीं बसावें, असा क्रम असे. जमाखर्चाचा मेळ बसेपर्यंत उठावयाचें नाहीं, हा दंडक. एक पै कमी पडली तर ती खिशांतून भरून मोकळें होणें हा उपाय नव्हे. चूक कोठें झाली तें सांपडलें पाहिजे. गणित मुलगा शाळेंतहि शिकला असता. परक्याचा पैसा हातीं असतां मन कसें ठेवावें, हें मात्र पेढीवरच शिकावें लागे.

‘खाजगी बँकिंग’ हा शब्द हल्लींच्या तरुणांच्या तोंडीं फार असतो. त्याचे दोन अर्थ आहेत, आणि त्यांची गल्लत केली तर निराशा पदरीं येते. पहिला अर्थ खाजगी मालकीची बँक. १९६९ सालीं १४ आणि १९८० सालीं ६ बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. पुढें १९९३ सालीं नव्या खाजगी बँकांस परवाने देण्याचें धोरण रिझर्व्ह बँकेनें आंखलें, आणि एचडीएफसी, आयसीआयसीआय या बँका १९९४ सालीं निघाल्या. दुसरा अर्थ धनिकांच्या संपत्तीची व्यवस्था. लंडनची सी. होर आणि कंपनी ही पेढी १६७२ सालीं स्थापन झाली व अद्याप त्याच घराण्याकडे आहे. तिच्या भागीदारांची जबाबदारी अमर्याद आहे. म्हणजे पेढी बुडाल्यास मालकाचें घरदारहि जावयाचें. गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो या जबाबदारीवर.

आपल्याकडील मोठ्या बँकांत धनिकांसाठीं निराळे विभाग असतात. तेथील व्यवहार लहान नसतात; सेबीच्या नियमान्वयें गुंतवणूकसंच-व्यवस्थापकाकडे पैसे सोंपवावयाचे तर गिऱ्हाइकाची रक्कम किमान ५० लाख रुपये असावी लागते. अशा विभागांत मोठ्या व्यवस्थापन-विद्यालयांतून थेट निवड होते. मौद्याच्या पदवीधरास मोकळी असलेली वाट बहुधा साध्या शाखेच्या दारांतूनच जाते, आणि त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

या दाराशीं पोहोंचण्याचे मार्ग तीन. पहिला शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा मूळचा कारखान्यांतील कारागिरांसाठीं होता. २०१४ च्या दुरुस्तीनें इतर शाखांच्या पदवीधरांसहि त्याचें दार उघडलें. २०२३ सालीं भारतीय स्टेट बँकेनें या पद्धतीनें ६,१६० जागांची जाहिरात काढली. मुदत एक वर्ष, विद्यावेतन दरमहा १५,००० रुपये, आणि स्थानिक भाषेची परीक्षा आवश्यक. ही बँक सरकारी खरी, पण तेथें शिकलेलें काम खाजगी बँकेंतहि उपयोगीं पडतें. दुसरा मार्ग शासकीय योजनांचा. केंद्र सरकारनें २०२४ सालीं पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली, तेव्हां पांचशें मोठ्या कंपन्यांत १२ महिन्यांचा अनुभव, दरमहा ५,००० रुपये आणि आरंभीं एकदां ६,००० रुपये, असें तिचें स्वरूप होतें. तिसरा मार्ग कांहीं खाजगी बँका शिक्षणसंस्थांच्या साह्यानें चालवितात त्या अभ्यासक्रमांचा. त्यांत कांहीं महिने वर्गांत, कांहीं महिने शाखेंत आणि शेवटीं नेमणूक, असा क्रम असतो. मात्र शुल्क उमेदवारानें भरावयाचें असतें, आणि त्यासाठीं अनेकदां कर्ज काढावें लागतें.

शिकाऊ उमेदवार हा कायद्यानें विद्यार्थी आहे, नोकर नव्हे. मुदत संपल्यावर त्यास कामावर घेण्याचें बंधन सामान्यतः मालकावर नसतें. शासकीय योजनेंतहि नोकरीचें वचन नाहीं. वर्षाअखेर हातीं काय उरणार याचा हिशेब म्हणूनच आधीं करावयाचा. पी हळद आणि हो गोरी, असा हा व्यवहार नाहीं.

चांगल्या शाखेंत उमेदवारास मिळणारें शिक्षण असें असतें. नवें खातें उघडतांना मनुष्य कोण, राहतो कोठें, पैसा येतो कोठून, हें कागदांवरून पडताळावें लागतें. संगणकावर एकानें नोंद करावी आणि दुसऱ्यानें ती तपासून मंजूर करावी, हा बँकेचा मूलभूत नियम आहे. दोन हात आणि चार डोळे असल्यावांचून मोठी रक्कम हलत नाहीं. स्वतःचा परवलीचा शब्द दुसऱ्यास न सांगणें आणि दुसऱ्याचा आपण न वापरणें हें त्याच नियमाचें अंग. कर्जाच्या कागदपत्रांवरून ऋणकोची परतफेडीची ताकद अजमावणें हें त्यापुढचें शिक्षण. आणि सर्वांत अवघड शिक्षण मौनाचें. मौद्यासारख्या गांवांत सर्व एकमेकांस ओळखतात. शेजाऱ्याच्या खात्यांत किती शिल्लक आहे, कोणाचा हप्ता थकला आहे, हें उमेदवाराच्या दृष्टीस पडतें. तें घरीं जेवतांनाहि तोंडांतून निघतां कामा नये. आणि घरच्या मंडळींनींहि तें विचारूं नये.

गांवच्या मुलाजवळ एक भांडवल असतें, ज्याची त्याला स्वतःलाच किंमत नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें देशांतील खाजगी बँकांसहि कर्जाचा ४० टक्के भाग अग्रक्रमाच्या क्षेत्रांस आणि त्यांतच एकूण कर्जाच्या १८ टक्के भाग शेतीस द्यावा लागतो. हें कर्ज शहरांतील कांचेच्या दालनांत बसून वांटतां येत नाहीं. सातबाराचा उतारा वाचतां येणें, रोवणी केव्हां होते आणि धान विकून पैसा केव्हां हातीं येतो हें ठाऊक असणें, शेतकऱ्याशीं त्याच्या बोलींत बोलतां येणें, हे गुण अशा बँकेस हवे असतात. मुलाखतींत उसनी इंग्रजी वाक्यें पाठ म्हणण्यापेक्षां ही माहिती नीट मांडणारा उमेदवार अधिक भरंवशाचा ठरेल.

मग उमेदवारी स्वीकारण्यापूर्वीं घरानें तीन गोष्टी विचारून घ्याव्या. करार लेखी आहे काय, आणि त्यांत मुदत, विद्यावेतन व प्रमाणपत्र यांचा उल्लेख आहे काय? काम कोणत्या खात्यांत, आणि शिकविणार कोण? शुल्क असल्यास तें किती, आणि मध्येंच सोडल्यास कर्जाची जबाबदारी कोणावर? जेथें शिकविण्याचें नांव आणि काम मात्र नातेवाइकांच्या गळ्यांत विमा किंवा म्युच्युअल फंड मारण्याचें, तेथें वर्ष घालवूं नये. विक्री हा बँकेच्या धंद्याचाच भाग आहे व तीहि शिकावीच. पण आप्तांची यादी संपतांच ज्याची उमेदवारी संपते, तो कांहीं शिकलेला नसतो. आणि नेमणुकीसाठीं मधला कोणी पैसे मागेल तर त्याचें दार ताबडतोब सोडावें. खरेंखोटें बँकेच्या कार्यालयांत स्वतः जाऊन पाहावें.

वर्षभरांत आणखी एक उद्योग करतां येतो. राष्ट्रीय प्रतिभूति बाजार संस्थेच्या म्युच्युअल फंड-वितरक आदि परीक्षा खाजगी रीत्या देतां येतात. संपत्ति-व्यवस्थेकडे ज्याचा ओढा आहे त्यानें तेथून आरंभ करावा. नोकरी लागल्यावर, १९२८ सालीं स्थापन झालेल्या बँकिंग संस्थेच्या जेएआयआयबी व सीएआयआयबी या परीक्षा पुढील बढतीस साह्य करतात.

अशी तयारी असलेल्यास त्याच बँकेनें ठेवून घेतलें नाहीं, तरी दुसरीकडे सांगण्यासारखें त्याच्याजवळ कांहीं असतें. पगाराचा प्रश्न वडिलांनीं अवश्य विचारावा. परंतु उमेदवारीच्या वर्षांत मुलगा किंवा मुलगी संध्याकाळीं घरीं आल्यावर त्यांनीं आणखीहि एक प्रश्न विचारीत जावा: आज काय शिकलास, आज काय शिकलीस? तीन महिने लोटूनहि या प्रश्नास नीट उत्तर येत नसेल, तर ती जागा सोडण्यास वर्ष संपण्याची वाट पाहूं नये.