बरोबरी झाली, जागा एकच : बेसबॉलमधला टायब्रेकर

मागच्या व्याख्यानात आपण न्याय्य निकाल आणि न्याय्य पद्धत यांच्यात फरक केला होता. आज तोच फरक अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावर तपासून पाहू.

तारीख २८ सप्टेंबर २०२५, मेजर लीगच्या साखळी सामन्यांचा शेवटचा दिवस. न्यूयॉर्क मेट्स हरले, सिनसिनाटी रेड्सही हरले. दोघांचेही १६२ पैकी ८३ विजय आणि ७९ पराभव. प्लेऑफमध्ये जागा मात्र एकच उरलेली. ती रेड्सला मिळाली. का? तर त्या मोसमात हे दोन संघ एकमेकांशी सहा सामने खेळले होते आणि त्यातले चार रेड्सने जिंकले होते.

आधी रचना समजून घेऊ. एकूण ३० संघ, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांचे तीन विभाग. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात : तीन विभागविजेते आणि उरलेल्यांतले सर्वोत्तम तीन, म्हणजे वाइल्ड कार्ड. विजयांची बरोबरी झाली, की पहिली कसोटी आपसातल्या सामन्यांची. विभागातले प्रतिस्पर्धी आता एकमेकांशी १३ सामने खेळतात. संख्या विषम, त्यामुळे दोघांतच बरोबरी असेल तर निकाल इथेच लागतो. दुसऱ्या विभागातल्या संघाशी मात्र सहा किंवा सातच सामने होतात. सहा असले, तर ३-३ होऊ शकतं. मग स्वतःच्या विभागातली कामगिरी बघायची, त्यानंतर लीगमधल्या इतर विभागांविरुद्धची. तरीही तिढा सुटला नाही, तर लीगअंतर्गत सामन्यांचा उत्तरार्ध घ्यायचा आणि फरक पडेपर्यंत एकेक सामना मागे जायचं. किती धावांच्या फरकाने जिंकलात, हे कुठेच विचारलं जात नाही.

आता मेट्सचा चाहता काय म्हणेल? ‘अहो, ते सहा सामने १६२ मध्ये धरलेच होते की! तेच पुन्हा कसे मोजता?’ आक्षेप वरवरचा नाही. वसंतात हरलेल्या एखाद्या सामन्याचं वजन शरदात दुप्पट होतं.

पण जरा थांबून बघा, इथे प्रश्नच बदललेला आहे. ‘मोसमात जास्त सामने कोणी जिंकले?’ याचं उत्तर मिळालं : दोघांनी सारखेच. तो प्रश्न संपला. आता दुसरा प्रश्न विचारणं भाग आहे, आणि दुसऱ्या प्रश्नासाठी तोच पुरावा वेगळ्या नजरेने वाचायला हरकत नाही.

पूर्वी हा दुसरा प्रश्न मैदानातच सुटायचा. त्यासाठी एक जादा सामना होई, १६३वा. १९७८ मध्ये यांकीज आणि रेड सॉक्स ९९-९९ विजयांवर अडले, आणि यांकीजने तो सामना ५-४ असा जिंकला. २०१८ मध्ये कब्ज आणि ब्रूअर्स ९५-९५ वर होते. आपसात कब्ज ११-८ ने पुढे, म्हणून सामना त्यांच्या मैदानावर झाला. जिंकले ब्रूअर्स, ३-१. हे उदाहरण नीट लक्षात ठेवा. आजचा नियम तेव्हा असता, तर विभागविजेते कब्ज ठरले असते. २०२२ मध्ये प्लेऑफ वाढले आणि हा जादा सामना बंद झाला.

मग खरा विजेता कोण? आम्हाला वाटतं, नियमाच्या आधी ‘खरा’ विजेता तिथे नसतोच. जॉन रॉल्सने १९७१च्या आपल्या ग्रंथात अशा स्थितीला शुद्ध कार्यपद्धतीचा न्याय म्हटलं आहे. निकाल तपासायला बाहेरचा मापदंड नसतो. पद्धत न्याय्य असेल आणि ती नीट पाळली गेली, तर निकाल न्याय्य. फौजदारी खटल्याचं तसं नाही. तिथे आरोपीने गुन्हा केला की नाही, हे खटल्याच्या बाहेरचं सत्य असतं.

तर मग छापा-काटा का नको? तोही निःपक्षपातीच आहे. फरक असा, की नाणं खेळाडूंनी काय केलं हे विचारत नाही. आपल्याकडे २०२० च्या नीट परीक्षेत दोघांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले आणि पहिला क्रमांक वयावरून ठरला. नियम आधीच जाहीर होता, सर्वांना सारखा होता. तरी मन खट्टू होतं, कारण जन्मतारीख ही कोणाची कामगिरी नव्हे. आपसातले सामने ही निदान त्या दोघांची स्वतःची कमाई आहे, सहाच सामन्यांची का असेना.

मात्र या कमाईतून श्रेष्ठत्व सिद्ध होतं, असं समजू नका. २०२३ मध्ये ॲस्ट्रोज आणि रेंजर्स ९०-९० विजयांवर होते. आपसातल्या सामन्यांत ॲस्ट्रोज ९-४ ने पुढे, म्हणून विभाग त्यांचा. रेंजर्स वाइल्ड कार्डने आत आले, वाटेत ॲस्ट्रोजनाच हरवलं आणि वर्ल्ड सीरिज जिंकली.

टायब्रेकर ‘जागा कोणाला?’ एवढंच सांगतो, ‘श्रेष्ठ कोण?’ हे सांगत नाही. मेट्स बाहेर गेले तो निकाल न्याय्य होता. पण त्यावरून ते रेड्सपेक्षा कमी ठरले, असं म्हणायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. गुणवत्ता यादीत एका जागेने मागे राहिलेल्या मुलाकडे बघतानाही आपण एवढं ध्यानात ठेवूया.