भांडण मिटविणे शिकविता येते काय?

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहराच्या उत्तर भागात आर्डॉइन नावाची वस्ती आहे. 2001 च्या सप्टेंबरात तेथील होली क्रॉस या मुलींच्या प्राथमिक शाळेची उन्हाळ्याची सुट्टी संपली, तेव्हा शाळेच्या वाटेवर पोलिस आणि सैनिक उभे करावे लागले. मुली कॅथलिक, शाळेचा रस्ता मात्र प्रॉटेस्टंट वस्तीतून जाणारा. चार ते अकरा वर्षांच्या त्या पोरी आईबापांचा हात धरून चालत होत्या आणि बाजूने शिव्यांचा भडिमार होत होता. 5 सप्टेंबरला तर त्या रस्त्यावर बाँब टाकण्यात आला. हा प्रकार थांबावयास नोव्हेंबर अखेरीस यावा लागला. शांततेचा करार 1998 साली झाला होता, हे येथे ध्यानी ठेवावयास हवे. करारावर सह्या होऊन तीन वर्षे लोटली तरी शाळेची वाट मोकळी झाली नव्हती.

हा झगडा दोन पंथांच्या नावांनी ओळखला जात असला तरी तो केवळ धर्ममतांचा नव्हे. प्रॉटेस्टंटांपैकी बहुतेकांस ब्रिटनशी असलेले नाते टिकवावयाचे आहे. कॅथलिकांपैकी बहुतेकांस आयर्लंड एक व्हावे असे वाटते. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस जो हिंसाचार पेटला, त्यात तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. प्रांताची लोकसंख्या 15-16 लाखांची. तेव्हा ज्याच्या नात्यागोत्यात वा शेजारात कोणी गेले नाही असे घर सापडणे कठीण. आणि मुले शिकत होती निरनिराळ्या शाळांत. सर्व पंथांच्या मुलांनी एका बाकावर बसावे अशी योजना आयर्लंडात 1831 सालीच निघाली होती. पण काही दशकांतच शाळा पंथापंथांत वाटल्या गेल्या. आपली ती शाळा आणि त्यांची ती शाळा, ही वाटणी मग कायमचीच झाली.

ही वाटणी मुलांच्या मनात किती लवकर उतरते, याचा अभ्यास पॉल कॉनोली या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या 352 मुलांशी ते बोलले. तीन वर्षांची मुलेदेखील आपल्या बाजूच्या झेंड्याकडे ओढ दाखवीत होती. सहाव्या वर्षी सुमारे तिसरा हिस्सा मुले स्वतःस एका बाजूची म्हणवीत, आणि दर सहांत एखादे मूल दुसऱ्या बाजूविषयी द्वेषाचे बोल बोलून जाई. ज्या वयात आपल्याकडे पोर पाटीवर ‘ग म भ न’ गिरवते, त्या वयात हा धडा पाठ झालेला असतो.

यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिला म्हणजे एकत्र शाळा. 1981 साली काही पालकांच्या खटपटीने लॅगन कॉलेज ही शाळा अवघ्या 28 विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. पुढे तशा सुमारे 70 शाळा निघाल्या. तरीही आज शंभरांतील दहांहून कमीच मुले त्यांत जातात. दुसरा उपाय असा, की शाळा राहोत वेगळ्या, पण प्रत्येक शाळेने परस्परांस समजून घेण्याचे शिक्षण द्यावे. 1989 च्या कायद्यान्वये हे शिक्षण अभ्यासक्रमात आले आणि 1992 पासून सक्तीचे झाले. दोन शाळांच्या एकत्र सहली निघू लागल्या. पण कित्येकदा असे घडे, की मुले एका बसने जात, एकाच ठिकाणी हिंडत, आणि आपापल्या घोळक्यातच परत येत. शिक्षक सौजन्याने वागत आणि नेमका तंट्याचा विषय तेवढा टाळीत. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या वर्गात एखाद्याचा चुलता मारला गेला आहे आणि दुसऱ्याचा तुरुंगात आहे, तेथे तोंड उघडणे किती जड जात असेल, हे शिक्षकी पेशातील माणसासच उमगावे.

यापेक्षा खोल गेलेला प्रयोग डेरी शहरात झाला. या शहरास एक पक्ष डेरी म्हणतो, दुसरा लंडनडेरी. एका गावाची दोन नावे असली म्हणजे जीभ कशी चाचरते, हे बेळगावच्या वाचकांस सांगणे नलगे. तेथील विद्यापीठाच्या आश्रयाने जेरी टिरेल या कार्यकर्त्याने 1990 नंतरच्या दशकात प्राथमिक शाळांतील दहा-अकरा वर्षांच्या मुलांस मध्यस्थी शिकविली. पंच आणि मध्यस्थ यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. पंच दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो. मध्यस्थाने निवाडा द्यावयाचाच नसतो. मधल्या सुट्टीत दोन मुलांचे बिनसले आणि त्या दोघांची राजीखुशी असली, तर ती मध्यस्थांच्या जोडीपुढे बसत. एकाने बोलावयाचे, दुसऱ्याने मध्ये तोंड घालावयाचे नाही. नावे ठेवावयाची नाहीत. मध्यस्थाने ऐकलेली हकिकत आपल्या शब्दांत परत सांगावयाची आणि ‘असेच ना?’ म्हणून विचारावयाचे. मग त्या वेळी मनाला काय वाटले ते दोघांनी सांगावे. तोडगाही त्यांनीच काढावा. मारहाण किंवा छळ असेल तर मात्र प्रकरण थेट शिक्षकांकडे.

ऐकावयास हे अगदी साधे वाटते. पण त्याआधी कितीतरी तास केवळ ऐकण्याच्या खेळांत, एकमेकांचे गुण बोलून दाखविण्यात आणि मिळून काम करण्यात घालवावे लागतात. हे तास काटून थेट मध्यस्थीवर उडी मारली, तर मुले मध्यस्थ न होता छोटे फौजदार होतात. शिवाय शिक्षकाचीही कसोटी लागते. मधल्या सुट्टीत शांतपणे ऐकून घ्यावयाचे, आणि घंटा होताच वर्गात गुरुजींनी न ऐकताच छडीची भाषा करावयाची, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

तथापि या पद्धतीस एक मर्यादा आहे. मैदानावरील भांडण मुलांचे स्वतःचे असते. ते त्यांस मिटविता येते. आर्डॉइनच्या रस्त्यावरचे भांडण वारशाने आलेले. ते मिटविणे मुलांच्या हाती नसते. ते तपासून पाहणे तेवढे असते. यासाठी उत्तर आयर्लंडमधील इतिहासाचे शिक्षक 1690 ची बॉइनची लढाई वा 1916 चा ईस्टरचा उठाव शिकविताना दोन्ही पक्षांचे कागद मुलांपुढे ठेवतात. तेथील संशोधकांस असे आढळले आहे, की यांतूनही कित्येक मुले आपल्या बाजूस सोयीचे तेवढे उचलतात. मात्र दुसरी बाजू कळण्याचे ठिकाण शाळाच, असेही तीच मुले सांगतात.

2021 च्या एप्रिलात बेलफास्टमध्ये पुन्हा दगड व पेट्रोलबाँब उडाले, तेव्हा त्यांत बारा-तेरा वर्षांची मुले होती. करारानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली ही मुले! त्याच वर्षी ‘यंग प्लेटो’ हा माहितीपट निघाला. तो आर्डॉइनच्याच होली क्रॉस मुलांच्या शाळेवर आहे. मुलींच्या शाळेचीच ही जोडशाळा म्हणावी. माहितीपटात दिसणारे मुख्याध्यापक केव्हिन मॅकअरेव्ही हे एल्व्हिस प्रेस्लेच्या गाण्यांचे वेडे, आणि मुलांस शिकवितात ते ग्रीक तत्त्वज्ञांची प्रश्न विचारण्याची रीत. मारामारी केलेल्या मुलास ते शिक्षा देऊन मोकळे होत नाहीत. त्यास विचार करावयास लावतात. ‘कोणी मारले तर उलट मार’ असे वडील घरी बजावतात, मग काय करावे, हा तेथील मुलांचा खरा पेच आहे. त्यावर वडील चुकतात असे मुख्याध्यापक म्हणत नाहीत. ते स्वतः वडिलांची भूमिका घेतात आणि मुलाला म्हणतात, आता माझ्याशी वाद घाल.