ड्रायव्हर शोधायला कंपनीच्या साइटवर जाऊ नका

विंडोज वापरून वापरून हाताला एक वळण लागतं. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं की कंपनीच्या साइटवर जायचं, ड्रायव्हर उतरवायचा, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. लिनक्सवर नवा आलेला माणूसही हेच करतो. एनव्हीडियाच्या साइटवर लिनक्ससाठी 'डॉट रन' फाइल मिळते, ती बसतेही आणि गेम झकास पळतो. मग कधीतरी सिस्टिमचं नेहमीचं अपडेट येतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि समोर नुसता काळा पडदा. लिनक्स म्हणजे डोक्याला ताप, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. खरं तर यात दोष त्या जुन्या सवयीचा जास्त.

एएमडी किंवा इंटेलचं कार्ड असेल तर हा लेख इथेच सोडला तरी चालेल. त्यांचे मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतात, वरचा भाग मेसा नावाचा प्रकल्प सांभाळतो. प्रश्न एनव्हीडियाचा आहे.

लिनक्स कर्नलची आतली रचना सतत बदलत असते, आणि ती बदलायची मोकळीक कर्नलवाल्यांनी जाणूनबुजून ठेवली आहे. जो ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्ये आहे, त्याची दुरुस्ती बदल करणाराच करतो. बाहेरच्या ड्रायव्हरला मात्र मागे धावावं लागतं. त्याचं मॉड्यूल अंगावर मापून शिवलेल्या सदऱ्यासारखं, एका कर्नलसाठी बांधलेलं. कर्नल बदलला की पुन्हा बांधणं आलं. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस ही यंत्रणा आहे. तिच्याकडे नोंद न करता 'डॉट रन' चालवली, तर पुढच्या कर्नलला काळा पडदा ठरलेलाच. बंदिस्त मॉड्यूल चढलं की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' असा शिक्का मारतो. अशा मशीनवरची तक्रार कर्नलचे लोक सहसा ऐकून घेत नाहीत.

कर्नलवाले आणि एनव्हीडिया यांच्यातल्या या वैराला इतिहास आहे. एनव्हीडियाच्या कार्डांची उकल बाहेरून करून लिहिलेला नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर 2010 मध्ये कर्नलमध्ये आला. पण 2014 च्या दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेल कार्डांपासून कंपनीने सही केलेल्या फर्मवेअरची अट घातली आणि नूव्होला कार्डाचा वेग वाढवता येईना. त्याआधीच, 2012 मध्ये, फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्स कर्नलचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर एनव्हीडियाला मधलं बोट दाखवलं होतं. मे 2022 मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, पण तो ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांपुरता. ओपनजीएल, व्हल्कन, कूडा हा वरचा सगळा भाग अजून बंदच आहे. त्यामुळे 'एनव्हीडिया आता ओपन सोर्स झाली' हे अर्धंच खरं.

तेव्हा ड्रायव्हर आपल्या डिस्ट्रोच्याच (उबुंटू, डेबियन, फेडोरा, जे असेल त्याच्या) भांडारातून घ्यावा. उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडलं की आवृत्त्यांची यादी येते. काहींच्या नावात 'ओपन' असतं. मोठा आकडा बघून भुलू नका, ज्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तो घ्या. ब्लॅकवेल पिढीच्या नव्या कार्डांना 'ओपन' मॉड्यूलच लागतं, तर जीटीएक्स 1060 सारख्या पास्कल कार्डाला ते चालतच नाही आणि त्याच्यासाठी 580 ही शेवटची मालिका. डेबियनमध्ये आधी 'नॉन-फ्री' विभाग चालू करावा लागतो. फेडोरात आरपीएम फ्यूजनचं भांडार जोडून 'एकेमॉड-एनव्हीडिया' घ्यायचं, आणि घेतल्यावर लगेच रीस्टार्ट मारायचा नाही. मॉड्यूल मागे बांधलं जात असतं, पाच-एक मिनिटं जाऊ द्या.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सिक्युअर बूटपाशी. ते चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल चढवत नाही. मशीनवरच बांधलेल्या मॉड्यूलची सही मशीनवरच होते, आणि त्या सहीची किल्ली सिस्टिम सुरू होण्याआधी मान्य करून घ्यावी लागते. उबुंटू त्यासाठी इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला लावतं. तो लॉगिनचा नाही, फक्त एकदा लागणारा. रीस्टार्ट केल्यावर उबुंटूच्या आधी एक निळा पडदा येतो आणि कळ दाबायला जेमतेम दहा सेकंद देतो. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं; ते बघत बसतात, पडदा निघून जातो, ड्रायव्हर चढत नाही. तिथे कोणतीही कळ दाबून 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', 'येस', तो पासवर्ड आणि रीबूट. या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो, म्हणून पासवर्ड साध्या अक्षर-आकड्यांचाच ठेवावा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. दोन मिनिटांच्या कामासाठी मशीनचं कुलूप काढून ठेवायची गरज नाही.

सगळं जमलं का, हे टर्मिनलमध्ये 'एनव्हीडिया-एसएमआय' सांगतं: कार्डाचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, तापमान, वापरातली मेमरी. ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असं आलं, तर आधी निळ्या पडद्याची पायरी तपासा. काळा पडदा आलाच तर ग्रब या सुरुवातीच्या बूट मेनूच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधीचा कर्नल असतो, तो निवडून आत शिरता येतं. आणि 'डॉट रन' आधीच चालवून झाली असेल, तर तिच्यावर डिस्ट्रोचं पॅकेज चढवू नका. आधी 'एनव्हीडिया-अनइन्स्टॉल' चालवून ती काढा, रीस्टार्ट करा, मग भांडारातून घ्या.