फसवी सूचना-अनुमती

फसवी सूचना-अनुमती : वापरकर्त्याची दिशाभूल करून ब्राउझरमार्फत सूचना पाठविण्याची परवानगी मिळविणे आणि नंतर त्या वाटेने जाहिराती, खोटे इशारे व ठकबाजीचे दुवे पाठवीत राहणे, या प्रकारास ही संज्ञा लावता येईल. यात संगणकात विषाणू शिरत नाही, की ब्राउझरमधील एखाद्या दोषाचा फायदाही घ्यावा लागत नाही. परवानगी खरी असते व ती वापरकर्ता स्वतःच देतो. खोटे असते ते परवानगी मागण्याचे कारण.

संकेतस्थळाचे पान उघडे नसतानाही त्याची सूचना पडद्यावर दाखविण्याची सोय सफारीत २०१३ मध्ये, क्रोममध्ये २०१५ मध्ये व फायरफॉक्समध्ये २०१६ मध्ये झाली. नवे टपाल किंवा ताजी बातमी कळविण्यास ती उपयुक्त आहे. परवानगी मिळताच संकेतस्थळाला एक पत्ता प्राप्त होतो. हा पत्ता सामान्यतः ब्राउझर तयार करणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवरील असतो. तेथे धाडलेला संदेश वापरकर्त्याच्या यंत्रावर पोहोचतो आणि संकेतस्थळाने तेथे आधीच ठेवलेली एक लहान आज्ञावली तो सूचनेच्या रूपात दाखविते. संदेशाचा मजकूर कूटबद्ध असल्याने मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे ठकाचा मजकूरही वाटेत तपासला जात नाही.

परवानगीची चौकट ब्राउझर स्वतः दाखवितो व तिच्यातील शब्द संकेतस्थळाला बदलता येत नाहीत. म्हणून सारी बनवाबनवी चौकटीच्या भोवताली केली जाते. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे पानावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि एक बाण चौकटीकडे वळलेला असतो. कोठे चित्रफीत सुरू होण्यासाठी, तर कोठे वयाच्या खात्रीसाठी तेच बटण दाबावयास सांगतात. वस्तुतः माणूस ओळखण्याची खरी चाचणी पानावरच घेतली जाते. सूचनांच्या परवानगीशी तिचा काही संबंध नसतो. नकार मिळालेले संकेतस्थळ सहसा पुन्हा विचारू शकत नाही, परंतु परवानगी प्रत्येक नावाला स्वतंत्र असते. त्यामुळे नकार देणाऱ्यास त्याच स्थळाच्या दुसऱ्या उपनावाकडे ढकलून तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारतात. पुष्कळदा होकार मिळतो तो केवळ कंटाळ्यातून.

सूचना लगेच येतील असे नाही. त्या येऊ लागेपर्यंत मूळ पान विस्मरणात गेलेले असते. सूचनेचे चिन्ह व मथळा संकेतस्थळ ठरविते. साहजिकच प्रतिविषाणू आज्ञावलीचे चिन्ह लावून आलेला ‘संगणक धोक्यात आहे’ हा मजकूर संगणकाचाच इशारा वाटतो. पाठविणाऱ्या स्थळाचे नाव बारीक अक्षरांत असते आणि ओळखीची खूण तेवढीच. सूचना दाबल्यास भयसूचक पान उघडते व साहाय्यासाठी दूरध्वनी क्रमांक दिसतो. तेथील तोतया तंत्रज्ञ संगणकाचा ताबा दुरून मिळवून देणारी आज्ञावली बसवावयास सांगतो आणि बँकेतील ठेव धोक्यात येते. सूचनेखालील बटणांवरील शब्दही संकेतस्थळ ठरवू शकते. तेव्हा तेथील ‘बंद करा’ हे बटणही ठकाच्याच पानावर नेणारे असू शकते.

फायरफॉक्सने जानेवारी २०२० पासून, वापरकर्त्याने पानावर काही कृती केल्याखेरीज हा प्रश्न पुढे करणे थांबविले. क्रोमनेही त्याच वर्षी प्रश्न विचारण्याची सौम्य पद्धत आणली. आगंतुक प्रश्नांचा त्रास यामुळे घटला. पण ठकाच्या पानावर वापरकर्ता बटण दाबतो ते मनापासून, त्यामुळे कृतीची अट तेथे फारशी आड येत नाही. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या रचनांविषयी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार नमूद केले असून, संगणकात विषाणू असल्याचा खोटा भास निर्माण करणे हा त्यांपैकी एक आहे.

पान बंद केल्याने सूचना थांबत नाहीत आणि विषाणूशोधात बहुधा काही सापडत नाही, कारण सापडण्याजोगे काही नसतेच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये संकेतस्थळांना दिलेल्या परवानग्यांची यादी असते. तेथील सूचनांच्या भागातून अनोळखी नावे काढून टाकली, की त्या स्थळांच्या सूचना बंद होतात. अँड्रॉइड फोनवर सूचना दाबून धरल्यास तेथूनही ती बंद करण्याची सोय मिळते. पैसे गेले असल्यास मात्र बँकेला तत्काळ कळवून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी लागते. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वी ती रोखता येणे हे या तक्रारीच्या वेळेवर अवलंबून असते.