पोलीस भरती : १०० मीटरमधला एक सेकंद किती गुणांचा?

बारामती-इंदापुरात पहाटे कालव्याकडेच्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. बहुतेकांचा जोर १६०० मीटरवर. गुण मात्र १०० मीटरमध्ये झटकन निसटतात.

शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची : १६०० मीटर २०, १०० मीटर १५, गोळाफेक १५. (मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर.)

मुलांनी १०० मीटर ११.५० सेकंदांत संपवले तर पूर्ण १५ गुण. १२.५० पर्यंत १२, तर १३.५० पर्यंत १०. म्हणजे ११.५१ लागले तरी तीन गुण गेले! १६०० मीटरमध्ये २० सेकंद उशीर झाला, तर साधारण दोनच गुण जातात.

आणखी एक फसगत मोबाईलच्या स्टॉपवॉचची. मित्र बटण दाबतो तो इशारा ऐकून, थोडा उशिराच. त्यामुळे हाताने मोजलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा सुमारे पाव सेकंद कमी भरते. गावात १२.४० धावणारा मुलगा भरतीच्या यंत्रावर १२.६५ च्या आसपास येतो. १२ गुणांची खात्री, हातात १०.

मैदानीत निम्मे, म्हणजे २५ गुण मिळाले तरच लेखीचा विचार होतो. तोही एका जागेमागे दहा उमेदवार, याच प्रमाणात. पुढे लेखीच्या १०० गुणांत मैदानीचे गुण मिळवून अंतिम यादी लागते. तिथे एका गुणावर अनेक जण अडकतात. सरावात १२.४० येत असेल तर लक्ष्य १२.२० चे ठेवावे.